आमच्या दारात बँड थांबायचा

धाकट्याच्या लग्नात डीजे आणायचा, असं मी म्हणाले तेव्हा घरात कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. जावेनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि सरळ माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हटल्यावर ती हसत सुटली. बाई नोकरीतून मोकळ्या झाल्या, आता नाचायला निघाल्या, असं तिनं सगळ्या आळीत सांगून टाकलं. तिचं तरी काय चुकलं? जन्मभर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. अर्ध्या गावाला मी हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवलेलं आहे. शेजारच्या घरात टीव्ही मोठा झाला तर मी भिंतीवर थापा मारते. अशा बाईला डीजे पाहिजे म्हणजे काय!

धाकटा मात्र हसला नाही. तो हिंगोलीला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे, रविवारी घरी येतो. स्वभावानं गरीब, माझ्यावर गेला नाही एवढं त्याचं नशीब. तो पाणी पीत होता. तांब्या ठेवला आणि म्हणाला, "आई, डीजे न्हाई. दादाचा बँड."

मी म्हटलं, डीजे. तो म्हणाला, बँड. आमचे हे बाजेवर बसले होते, ते उठले, चपला घातल्या आणि शेताकडं निघून गेले. बँडचा विषय निघाला की ते जातात. हळद शिजवून झाली होती, ती वाळत पसरलेली, शेतात काही काम नव्हतं. तरी गेले.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर आहे. गावातून मारुतीला जायची आणि आमच्या वस्तीतून विहारात जायची वाट एकच, आणि आमचं घर त्याच वाटेवर. नवरदेव लग्नाला निघायच्या आधी वाजतगाजत देवाला जाऊन येतो, त्या मिरवणुकीला आमच्याकडं परण्या म्हणतात. आमच्या वस्तीतले नवरदेव आता विहारात वंदनेला जातात, नाव तेवढं जुनंच राहिलं. कुणाचाही परण्या असो, तो पारावरून येतो, आमच्या दारावरून जातो, पुढं हापसा लागतो, आणि तिथून वाट फुटते. सगळ्या गावाची लग्नं मी माझ्या ओट्यावर बसून पाहिलेली आहेत.

माझा थोरला गावच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. लहानपणी पपईच्या देठाची पिपाणी करून कान किटवायचा, तिथून हे खूळ. हिंगोलीला बीए केलं, मी डीएडचा फॉर्म आणून ठेवला, तर हा लाल कोट घालून लग्नं वाजवायला! बँडमधली बहुतेक पोरं माझ्याच हाताखालून गेलेली. मी त्यांना रस्त्यात गाठून झापायची की तुमच्या नादानं माझं लेकरू वाया गेलं. ती खाली मान घालून हसायची. हा संध्याकाळी ओट्यावर बसून सराव करायचा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा. मी आतून ओरडायची, डोकं उठलं रे बाबा, दुसरं काही येतं का तुला? तो दुसरं काही वाजवायचा आणि हळूच परत त्यावरच यायचा. ते कुठल्या गाण्यातलं नव्हतं. त्यानंच जुळवलेलं. खालच्या पट्टीत सुरू होऊन पायऱ्या चढल्यागत वर जायचं. परण्या निघताना आधी तो एकटा हे वाजवणार, मग ताशा, मग सगळा बँड. गावात लोक म्हणायचे, बाईच्या पोरानं क्लॅरनेट तोंडाला लावल्याशिवाय नवरदेवाचं पाऊल उचलत नाही. मला आतून बरं वाटायचं. तोंडानं मी कधी म्हणाले नाही, पण त्याला कळत होतं. आईला काय आवडतं ते लेकराला कळतंच.

वारंगा फाट्याकडचं एक लग्न वाजवून बँड टेम्पोनं परत येत होता. भर दुपार. एका वळणावर टेम्पो पलटी झाला. बाकीच्यांना खरचटलं, एकाचा हात मोडला. माझा लेक गेला. त्याच्या शेजारी त्याचा दोस्त बसला होता, दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. क्लॅरनेटची पेटी दोस्ताच्या मांडीवर होती. पेटीला ओरखडासुद्धा आला नाही.

ती पेटी बँडच्या पोरांनी मला आणून दिली. मी थोडे दिवस ठेवली, मग त्या दोस्तालाच बोलावून दिली. घरात ठेवून तिचं काय करू? वाजव म्हटलं. तो नको नको म्हणत होता, मी डोळे वटारले तेव्हा घेतली.

आमच्या भागात रीत अशी आहे की ज्या घरात मयत झालेली असते त्या घरापुढून परण्या जाताना वाजवणं बंद करतात. घर ओलांडलं की परत सुरू. वर्षभर हे पाळतात. पुढच्या लग्नसराईत पहिला परण्या निघाला तेव्हा मी पीठ मळत होते. पारावरून आवाज आला आणि माझे हात परातीतच थांबले. त्याचाच क्लॅरनेट होता. सगळे क्लॅरनेट सारखेच वाजतात असं म्हणणारे म्हणोत. मला तो कळला. तो जवळ येऊ लागला, वाण्याच्या दुकानाशी आला, लिंबापाशी आला. मी कधी उठले आणि दारात गेले, मला आठवत नाही. पिठाच्या हातानं मी चौकट धरली होती. आणि तो बंद पडला.

बँडच्या पोरांनी टोप्या काढल्या होत्या. खाली मान घालून, वाद्यं छातीशी धरून ती माझ्या दारावरून गेली. नुसता चपलांचा आवाज. बायकासुद्धा बोलायच्या थांबल्या. नवरदेवानं घोड्यावरून मला हात जोडले. मग हापशापाशी गेल्यावर परत तो क्लॅरनेट सुरू झाला, आता माझ्याकडं पाठ करून, आणि लांब लांब गेला.

वर्ष सरलं. मला वाटलं, आता वाजवत जातील. नाही गेले. त्यांनी आपसांत ठरवलं होतं की बाईच्या दारातून वाजवत जायचं नाही, कधीच नाही. हळूहळू गावाला त्याचा अभिमान वाटायला लागला. बाहेरगावचे पाहुणे आले की लोक त्यांना सांगायचे, इथं बँड थांबतो, इथं आमचा एक कलाकार राहत होता. माझ्या धाकट्यालाही तो दादाचा मान वाटायचा. मान होताच तो. पण मला काय होत होतं ते मी कुणाला सांगणार होते? त्या पोरांची माया होती त्यात. त्यांच्या तोंडावर कसं म्हणावं की नका करू?

मला असं व्हायचं की तो येतोय. पारावर आला, दुकानाशी आला, लिंबापाशी आला. दारात आला. आणि आत येत नाही. बाहेर उभा आहे, आईनं रागावून हाकललेल्या पोरासारखा, आणि मी आत उभी आहे, आणि मधे काहीच आवाज नाही. मग तो माझ्या दारातून मागं फिरायचा आणि हापशाकडून वाजत जायचा. दर लग्नसराईत तो असा यायचा आणि जायचा. चैत्र लागला की माझी झोप उडायची. कुणाच्या पोरीची सोयरीक जमली, कुणाच्या पोराची सुपारी फुटली, की लोक पेढे आणून द्यायचे आणि मी लग्नाचे दिवस मोजायला लागायची. आमचे हे आवाज ऐकला की शेताकडं जायचे. मी कुठं जाणार? आम्ही दोघं यावर कधी एक शब्द बोललो नाही.

मग गावात पहिल्यांदा डीजे आला. पिकअपवर बॉक्सचा हा ढीग. रॅकमधल्या वाट्या नाचायला लागल्या, भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं, शेरडं दावं तोडून पळाली. म्हातारी माणसं कानात बोळे घालून शिव्या देत होती. मी ओट्यावर बसले होते. तो आला, छातीत धाड धाड करत माझ्या दारावरून गेला, आणि थांबला नाही. चालवणाऱ्याला माहीतच नव्हतं की हे कुणाचं घर. त्या दिवशी आमचं घर इतर घरांसारखं एक घर होतं. मी आत जाऊन पडलेलं घड्याळ उचललं, आणि मला रडू आलं, पण ते हलकं रडू होतं. खूप दिवसांनी जीव भांड्यात पडला.

म्हणून मला डीजे पाहिजे होता. नाचायला नाही.

माझा हट्ट पाहून धाकटा म्हणाला, चल, वारंगा फाट्याला एकाचा डीजे आहे, तुझ्या कानानं ऐक आणि मग बोल. त्याला वाटलं, मी ऐकून घाबरेन. आम्ही मोटारसायकलवर गेलो. त्या रस्त्यानं मी तेव्हापासून गेले नव्हते. ते वळण कोणतं, हे मला कुणी दाखवलेलं नव्हतं. पण एका ठिकाणी धाकट्यानं गाडी विनाकारण हळू केली, मान दुसरीकडं वळवली आणि परत वेग धरला. मला कळलं. कडेला ज्वारीचा कडबा रचलेला होता, एक बाई शेळ्या घेऊन चालली होती. बस, एवढंच. एवढ्याशा जागेत काय मरायचं असतं माणसानं, असं मनात आलं.

फाट्यावरचा डीजेवाला भला माणूस. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, मग बॉक्स सुरू केले. माझ्या हातातला चहा थरथरायला लागला. दात वाजले. काही ऐकूच येत नव्हतं, ना बाहेरचं, ना आतलं. मला फार बरं वाटलं. मी म्हणाले, हाच पाहिजे. धाकट्यानं डोक्यालाच हात लावला.

परतताना रस्त्याच्या कडेला रसवंतीवर आम्ही बसलो. तो मला समजावायला लागला. दादाचा क्लॅरनेट त्याच्या लग्नात वाजला नाही तर लग्नाला अर्थच नाही, असं तो म्हणाला. बँडच्या पोरांनी सगळं ठरवून ठेवलंय, तुला काही तकलीफ होणार नाही. दादाचा मान बराबर राहील. परण्या आपल्या दारातून गुपचूप निघेल आणि हापशापासून वाजवणं सुरू होईल.

हातातला ग्लास मी खाली ठेवला. परण्या दुसऱ्यांचा असला की दारावरून जातो. आमचा तर दारातूनच निघणार होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी म्हणाले, "दारातून गुपचूप काय निघतं, ते म्या पाहिलंय. एक लेक तसा निघाला. दुसरा न्हाई निघू देणार."

 मग मी त्याला सगळं सांगितलं. पीठ मळताना उठते ते, तो दारात येऊन थांबतो ते, सगळं. रसवंतीचा चरक चालू होता, घुंगरं वाजत होती, म्हणून सांगता आलं. घरी नसतं आलं. त्याचे डोळे भरले, आणि तो एवढंच म्हणाला की आई, तू हे आजपर्यंत काहून सांगितलं नाहीस. मी म्हटलं, पोरं मान देऊन राहिली, त्यांना काय सांगू?

दुसऱ्याच दिवशी तो बँडच्या पोरांना घेऊन आला. सगळी ओट्यावर बसली, आता त्यांचीही लेकरं शाळेत जातात. क्लॅरनेटवाला, माझ्या थोरल्याचा दोस्त, खांबाला टेकून उभाच होता. धाकट्यानं सांगितलं की परण्या दारापासून वाजवत न्यायचा. बाकीचे हो म्हणाले. यानं नकाराची मान हलवली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, माझ्यानं व्हायचं न्हाई. ह्या दारात आलं की तोंडातून हवाच निघत न्हाई माझ्या."

मला वाटत होतं, ती माझ्यासाठी थांबतात. त्याला वाजवताच येत नव्हतं, हे मला कधी सुचलं नाही. मग मला रागही आला. मी म्हणाले, नसेल होत तर तसं सांग, वारंग्याचा डीजे तयार आहे. तो निघून गेला. धाकटा मला म्हणाला, आई, वाजवेल तो. मी म्हणाले, आणि नाही वाजवलं तर?  पण लग्न त्याचं होतं. शेवटी मी बँडला हो म्हटलं आणि त्या दिवसापासून माझं जेवण तुटलं. मेलेल्यासाठी नाही. जिवंत लेकाचं पाऊल माझ्या उंबऱ्यातून मुक्यानं पडलं तर त्याच्या संसाराला मी कुठल्या डोळ्यांनी पाहणार होते, हे मला खात होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळीच ऊन तापलं होतं. मांडवात पाहुणे दाटले होते. सगळ्या वस्तीत हळदीचा वास होता, वाळवणाचा आणि नवरदेवाचा. जाऊ इकडून तिकडं मिरवत होती, मला म्हणाली की तुमच्यासाठी मोबाईलवर डीजे लावू का, आणि माझं तोंड पाहून जीभ चावली. बँड येऊन दारासमोर उभा राहिला. लाल कोट, टोप्या, घामानं भिजलेले चेहरे. नवरदेव पांढऱ्या कपड्यांत उंबऱ्यात आला. मी त्याच्या गालाला काजळाची तीट लावली. आमचे हे कुठं दिसेनात. गेले असतील शेताकडं, असं मी समजले.

क्लॅरनेटवाल्यानं क्लॅरनेट तोंडाला लावला. ताशावाल्यानं काड्या उचलल्या. आणि काहीच झालं नाही.

गाल फुगले होते, बोटं भोकांवर होती, आणि आवाज नव्हता. पाहुणे कुजबुजायचे थांबले. मागं कुठं तरी लेकरू रडत होतं, तेही गप्प झालं. तीच शांतता. तीच, जी मी इतकी वर्षं आत उभी राहून ऐकली, आता बाहेर सगळ्या पाहुण्यांना ऐकू येत होती. धाकट्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

मी ओटा उतरून क्लॅरनेटवाल्यापुढं गेले. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण क्लॅरनेट त्यानं खाली घेतला नव्हता. मी त्याच्या दंडाला धरलं, वर्गात धरायची तसं.

"किती दिवस त्याला माझ्या दारात उभं करून ठेवतो?" मी म्हणाले. "पुढं ने त्याला."

आधी नुसती फुंकर निघाली. मग एक फाटका, बेसूर आवाज, आणि पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. मग खालच्या पट्टीतला तो पहिला सूर. तोच तुकडा. इतकी वर्षं तो कुणी वाजवला नव्हता, दारातही नाही आणि हापशापाशीही नाही. मला वाटलं होतं, तो पोराबरोबर गेला. पायरी पायरीनं तो वर चढला, माझ्या पाठीमागून घरात शिरला आणि आतल्या भांड्यांवरून फिरून आला. ताशा पडला. धाकट्यानं दुसरा पाय उचलला. तेव्हा मला आमचे हे दिसले. ते मांडवाच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभे होते. गेले नव्हते.

लग्न चांगलं झालं. सून चांगली आहे, माझ्यासारखीच तोंडाळ.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या आळीत लग्न निघालं. मी भाजी निवडत होते. पारावरून क्लॅरनेट ऐकू आला. दुकानाशी आला, लिंबापाशी आला. सवयीनं मी उठले आणि दारात गेले, आणि आता थांबणार म्हणून चौकट धरली.

तो थांबला नाही. कसा थांबेल, मीच सांगितलं होतं. क्लॅरनेटवाल्यानं माझ्याकडं पाहून डोळ्यांनीच नमस्कार केला आणि वाजवत पुढं गेला. इतकी वर्षं तो निदान माझ्या दारात उभा राहायचा. आता हापसा ओलांडला, वळणावर गेला, आणि माझ्या लक्षात आलं की तो चाललाय. खरंच चाललाय.

मी त्याला नाव घेऊन हाक मारली. टेम्पो पलटी झाल्याची बातमी आली त्या दिवसापासून ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. चांगली मोठ्यानं मारली, शाळेत मारायची तशी. ताशा जोरात होता. कुणालाच ऐकू गेली नाही.